कालिपा एजेचे सात बाप

११ मार्च

घरी परतून नऊ दिवस झाले. आई म्हणते, आता तरी एका जागी बूड टेकव. नववीनंतर मी मॉस्कोत भांडी घासली, अल्माटीजवळ काचघरात टोमॅटो खुडले, इस्तंबूलला शिलाईच्या यंत्रावर बसले, आणि दर वेळी कुणाचा तरी ट्रक पुढे निघाला म्हणून मीही पुढे निघाले. पायाला भिंगरी आहे, ह्यापलीकडे त्याला कारण नाही.

सुयुन मामा नगरपालिकेत कारकून आहे. काल चहाला आला आणि आईला म्हणाला, "हिची पत्रं मी वाचलीत. शुद्धलेखन कोंबडीच्या पायांसारखं, पण पुढे काय झालं ते वाचावंसं वाटतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जिबेक, गावाला मे महिन्यात सत्तर वर्षं होतात. नगराध्यक्षांच्या आयुष्याची आणि कामाची पुस्तिका काढायची आहे. तू लिही. तोवर रोज वहीत काहीतरी खरडत जा, म्हणजे हात वळेल."

म्हणून ही वही.

नमुना म्हणून त्यानं मागच्या नगराध्यक्षांची पुस्तिका दिली. बावीस पानं. त्यातली चौदा पूर्वजांची. पहिल्या पानावर रिवाजाप्रमाणे सात बाप: बाप, त्याचा बाप, त्याचा बाप, असे सात. हे तर आमच्याकडे शेंबडं पोरही घडघडा म्हणतं. ज्याला येत नाहीत त्याला जुनी माणसं गुलामाची अवलाद म्हणतात. तर पहिलं पान सोपं आहे. उरलेल्या पानांचं बघू.

१४ मार्च

आज नगराध्यक्षांना भेटले. कचेरीत नाही. शाळेमागच्या पाटात त्या गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि फावड्यानं गाळ काढत होत्या. चौसष्ट वर्षांच्या आहेत. गावातलं कुणीही, त्यांच्याहून मोठंसुद्धा, त्यांना कालिपा एजे म्हणतं, म्हणजे थोरली बहीण. नगराध्यक्ष व्हायच्या आधी एकोणीस वर्षं त्या पाटकरीण होत्या, कुणाच्या बागेला किती वेळ पाणी ते ठरवणाऱ्या. मामा सांगतो, "पाच वर्षांपूर्वी नगरसभेनं त्यांना निवडलं, कारण गावातला कुठला पाइप कुठं पुरलाय हे दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं."

मी वही उघडली. "एजे, सात बापांपासून सुरुवात करू या?"

"ते मागाहून," त्या म्हणाल्या. "आधी एक काम कर. तळगल्लीत त्रेचाळीस घरं आहेत. प्रत्येक घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं ते लिहून आण. ऐकू कुणाला येत नाही, पाय कुणाचे दुखतात, तेही."

"पुस्तिकेसाठी?"

"माझ्या आयुष्यासाठीच," त्या म्हणाल्या, आणि फावडं मारलं.

मोठ्या माणसांचा असा काही छंद असतो. लिहून आणीन. तेवढीच गल्ली बघून होईल.

१९ मार्च

तळगल्लीत तीन दिवस गेले आणि जेमतेम अकरा घरं झाली. एका घरी घोडी व्यायला झाली होती, तिथं संध्याकाळ गेली. एकाचा अकॉर्डियन बिघडला होता, तो उघडून बसलो. एका म्हातारीनं खारवलेल्या दह्याच्या गोळ्या माझ्या खिशात कोंबल्या आणि नवऱ्याच्या तीन बायकांची हकिगत सांगितली. ती स्वतः तिसरी.

एजेंना वाटलं असेल मी काम टाळलं. मी भीत भीत वही दिली. त्यांनी उभ्या उभ्या सगळी वाचली, घोडीसकट. "ही म्हातारी दाराशी का झोपते?"

"रात्री सारखं उठावं लागतं. आणि डाव्या कानानं बहिरी आहे, म्हणून उजवी कूस वर करून झोपते."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तिच्या उशीला एकीकडेच खळगा होता."

एजेंनी वही मिटून मला परत दिली. मग म्हणाल्या, "उरलेली बत्तीस घरंही अशीच रमत गमत कर." मला वाटतं टोमणा असावा.

३ एप्रिल

आज एजेंबरोबर घोड्यावरून वरच्या तळ्याला गेले. चार तास चढ. चौसष्टाव्या वर्षी त्या खोगिरावर बसतात तशी मी खुर्चीवरही बसत नाही.

मी बॉस्फरस पाहिला आहे. पण हे तळं बघून तोंड उघडं राहिलं ते मिटेना. हिमनदीच्या पायाशी, बर्फाच्या आणि दगडमातीच्या बांधाआड एवढं निळं पाणी, की त्याच्याकडे बघताना आपण मोठ्यानं बोललो तर ते सांडेल असं वाटतं. बांधाच्या पोटातून बारीक पाणी झिरपत होतं. आवाज नाही. खाली, अगदी तळहाताएवढं, आमचं तुयुकसाय. आणि दरीची ओळ नजरेनं धरत गेलं की ती थेट तळगल्लीच्या अंगणात जाऊन थांबते.

"दर वर्षी हातभर चढतं," एजे म्हणाल्या. "एखाद्या कडक उन्हाच्या दुपारी बांध सुटेल. मग पाणी नाही येणार, डोंगरच चिखल होऊन येईल."

"राजधानीत कळवलंत?"

"चौदा पत्रं. अभ्यास होईल असं उत्तर आलंय. तेही चौदा वेळा."

परत येताना त्यांनी धार दाखवली, गावाच्या वरचा सपाट कडा. तिथं त्रेचाळीस भूखंड आखून झालेत. नळ पोचलाय. भिंती गावकऱ्यांनी श्रमदानानं उभ्या केल्या, छतं घातली. सहा वर्षांचं काम. पहिली ओळ आखली तेव्हा त्या पाटकरीणच होत्या. सगळं तयार आहे. फक्त तळगल्लीतलं एकही माणूस तिकडं जायला तयार नाही.

"जबरदस्ती नाही करता येत?" मी विचारलं.

"माणसं म्हणजे मेंढ्या असत्या तर मी मेंढपाळ झाले असते, तो धंदा सोपा आहे."

वाटेत त्यांनी झऱ्याचं पाणी ओंजळीनं आधी घोड्याला पाजलं, मग मला, मग स्वतः प्यायल्या. हे पुस्तिकेत कुठं घालायचं कळत नाही. पण लिहून ठेवते.

११ एप्रिल

आज क्लबात, म्हणजे गावच्या सभागृहात, सभा झाली. तळगल्ली आली होती, म्हणजे शायिम्बेत अता आले होते. ते आले की गल्ली आली. अता म्हणजे बापाच्या जागी असलेला माणूस. वय एक्क्याऐंशी, दाढी बर्फासारखी, आणि जीभ म्हणाल तर कात्री. गल्लीतली निम्मी घरं त्यांच्याच भावकीची.

एजेंनी तळ्याचे आकडे सांगितले. उन्हाळ्याआधी वर चला म्हणाल्या. अता शांतपणे ऐकत होते, सगळं ऐकून काठीवर भार देत उठले.

"कालिपा, तू चांगली पाटकरीण होतीस. माझ्या जर्दाळूंना कधी पाणी कमी पडलं नाही. पण ते घर माझ्या बापानं बांधलं, त्या अंगणात त्याला धुऊन शेवटचं नेलं. बापाचं घर सोड असं मला सांगायचं, तर सांगणाऱ्याला बाप ठाऊक पाहिजेत. तीस वर्षं झाली, तुझे सात मी ऐकले नाहीत. आज सांग. मी उद्या धारेवर बिऱ्हाड हलवतो. शब्द देतो."

स्टोव्हवरच्या किटलीचं झाकण थडथडत होतं. मला वाटलं, किती सोपं. सात नावं आणि काम फत्ते.

एजे म्हणाल्या, "पुढचा विषय कचऱ्याचा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "कचरा वर न्यायचा की खाली?" आणि सगळे हसले. मला राग आला, कुणाचा ते कळलं नाही. बहुतेक एजेंचाच. सांगून टाकायचं ना.

१५ एप्रिल

मामा सकाळी धावत आला. छापखान्याची गाडी दुपारी निघणार होती. "सगळं झालंय, पहिलं पान कोरं आहे. तिला विचार ना, पोरी."

मी कालच विचारलं होतं. एजे म्हणाल्या, "ते पान राहू दे."

पान राहू दे म्हणजे काय? पहिलं पान कोरं ठेवून छापलं तर शायिम्बेत अता ते भिंतीवर चिकटवतील. त्यांना येत नसतील, विसरल्या असतील, लाज वाटत असेल. कामाच्या रगाड्यात माणूस विसरतो. आणि त्रेचाळीस घरं सात नावांवर अडलीत.

मग मला गेल्या वर्षीचा एक मेंढपाळ आठवला. खिंडीपलीकडे त्याच्याबरोबर मी दोन दिवस मेंढ्यांच्या ट्रकमध्ये होते. त्यानं त्याचे सात इतके सुरात म्हटले होते की मी ते सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतले होते. पाकीट अजून पिशवीत आहे. पाचवा तर फारच आवडला होता: काणा तोकोच, जानीबायचा मुलगा. तोकोच म्हणजे छोटी पाव-भाकरी. काणी भाकरी. कोण कुठला परमुलखातला मेंढपाळ, त्याला काय फरक पडतो?

सातही नावं सुवाच्य अक्षरात लिहिली. काणासुद्धा ठेवला, अशा बारकाव्यानं खरेपणा येतो. मामानं वाचलं आणि म्हणाला, "वा, सांगितलंन शेवटी."

मी पाकीट परत पिशवीत टाकलं. आज पहिल्यांदा वाटतंय की मी गावाच्या काही उपयोगी पडले.

२७ एप्रिल

पुस्तिका आल्या. वेष्टनावर तळ्याचा फोटो. मामानं सकाळीच घराघरांत वाटून टाकल्या, म्हणून एजेंना द्यायला गेले तेव्हा जरा उशीर झाला होता.

त्यांनी पहिलं पान वाचलं. बोट प्रत्येक नावाखालून नेलं. पाचव्यावर बोट थांबलं.

"कुठली ही नावं, जिबेक?"

"वाटेत मिळाली," मी म्हटलं. खोटं बोलवेना.

"सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "सगळ्या वाटून झाल्या?"

"हो."

त्यांनी पुस्तिका घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि मला विचारलं, जेवलीस का. रागावल्या नाहीत म्हणजे आवडलं असावं.

२९ एप्रिल

हे लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

सकाळी शायिम्बेत अतांनी खरोखरच गाडी भरली. गाद्या, रजया, चुलीवरची कढई, बापाचा फोटो. दिलेला शब्द. गल्ली बघायला जमली होती, मीही होते, आणि छाती फुगून आली होती. अता गाडीवर बसले, चष्मा लावला, आणि निघण्याआधी मोठ्यानं वाचायला लागले, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. पाचव्या नावाला थांबले. पुन्हा वाचलं.

"काणा तोकोच. जानीबायचा."

मग खाली उतरले आणि म्हणाले, "गाडी रिकामी करा."

कुणाला काही कळेना. त्यांनी सांगितलं तेव्हा मलाही कळलं. काण्या तोकोचला दोन मुलं होती. एक खिंडीपलीकडे राहिला. दुसरा इकडं आला, त्याच्या वंशात चौथा तुर्दुबेक. तुर्दुबेक म्हणजे कालिपा एजेचा नवरा, बारा वर्षांपूर्वी गेला तो.

सात पिढ्यांच्या आत म्हणजे भावकी. भावकी म्हणजे भाऊबहीण. मी माझ्या सुवाच्य अक्षरात एजेला तिच्या भावाची बायको करून ठेवलं. तिच्या दोन मुलांना काय करून ठेवलं ते लिहिवत नाही.

मामा दारातच बसला होता, टोपी हातात. "कुठून आणलीस ती नावं?" मी सिगारेटचं पाकीट दाखवलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो रडायला लागला.

"अगं, मुलीला मागणं घालताना आम्ही सात-सात बाप मोजतो ते कशासाठी? आणि तू ट्रकमधल्या माणसाचे उचलून आणलेस?"

दुपारपर्यंत बाजारात बायका कुजबुजत होत्या. एजेंच्या थोरल्या मुलाचा रशियातून फोन आला म्हणे. दोन तारखेला चार वाजता क्लबात सभा आहे. नगराध्यक्षांनी राजीनामा द्यावा असा अर्ज तयार आहे. आणि वर ऊन तापायला लागलंय.

१ मे

पिशवी भरली. साडेदहाची बस. सगळ्याच गावांतून मी अशीच निघाले, इथूनही निघेन.

थांब्यावर एजे बाकावर बसल्या होत्या. मला शोधत आल्या होत्या की दुसरीकडे चालल्या होत्या, माहीत नाही. मी तिथंच सगळं ओकून टाकलं. रडले. म्हटलं, मी उद्या सभेत उभी राहून सांगते, माझी चूक.

"तू तेवीस वर्षांची आहेस. तुला ते फाडून खातील आणि मग पुन्हा भूक लागली की माझ्याकडे येतील. दोन जेवणं कशाला?" त्या म्हणाल्या. "जायचं तर जा. बस वेळेवर असते, मी स्वतः लक्ष घालते."

बसमध्ये बसले. पहिला थांबा गेला. दुसऱ्या थांब्याला उतरले आणि सात किलोमीटर चालत परत आले. का, ते माहीत नाही. वाटेत एकानं खरबुजाचं रोप दाखवायला थांबवलं, त्यालाही थांबले नाही.

२ मे

हे नीट लिहायचंय. एकदाच लिहायचंय.

क्लब भरला होता. लोक खिडक्यांतही होते. एजे कोटाच्या खिशातून पुस्तिका काढून उभ्या राहिल्या.

"ह्या पानावरची नावं खोटी आहेत," त्या म्हणाल्या. "पुस्तिका माझी, पान माझं, तेव्हा खोटंही माझं. मी अनाथ बालगृहातली आहे. मला कुणी आणलं, कुठून, ते कागदात नाही. मला एकाही बापाचं नाव माहीत नाही."

"आणि तुर्दुबेकच्या घरच्यांना फसवलंस?" अर्ज घेऊन आलेल्यानं विचारलं.

"सासऱ्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, मला नाहीत. ते दोन दिवस विचारात पडले. मग म्हणाले, नाहीत ना, मग भावकी निघायची भीतीही नाही. आणि बोकड कापला."

कुणीतरी हसलं आणि हसू गिळलं.

शायिम्बेत अता बसल्या जागेवरून म्हणाले, "म्हणजे तुला सात नाहीतच."

"सात आहेत. बाप नाहीत ते. पण सात आहेत."

"मग सांग."

एजेंनी पुस्तिका बाजूला ठेवली, हात सरळ खाली सोडले, शाळेत पोरं उभी राहतात तशा उभ्या राहिल्या.

"पहिला सोरोनबाय. ह्या गावचा पाटकरी. त्यानं मला फावडं दिलं आणि सांगितलं, पाणी उताराचं ऐकतं, पुढाऱ्याचं नाही. त्याच्या आधी बायाली, बालगृहाचा गाडीवान. माझं आडनाव त्याचं, कारण कागदावर कुणाचं तरी लागत होतं आणि तो दारात उभा होता. त्याच्या आधी एर्ना, जर्मन होती, माझ्या प्रत्येक कॉलरच्या आत माझं नाव शिवायची, मी हरवू नये म्हणून. तिच्या आधी इसा, चिनी मुलखातून आलेला दुंगान, लसूण लावायचा आणि आमचे केस कापायचा, दोन्ही सारखंच वाईट. त्याच्या आधी बात्मा. मला गोवर आला तेव्हा ती घरी गेली नाही."

"बायासुद्धा बाप?" मागून एकजण म्हणाला. पुरुष हसले. बायकांपैकी कुणी हसलं नाही, आणि ते पुरुषांच्या लक्षात आलं.

"सहावी झेनेप, स्वयंपाकीण. माझी जन्मतारीख तिनं ठरवली, वाफ्यात पहिला मुळा निघाला तो दिवस. आणि सातवा फ्योदर, भट्टीवाला, लंगडा. त्याच्या मागचं मला ठाऊक नाही."

मग शायिम्बेत अतांनी विचारलं, "कुठलं बालगृह?"

"जुन्या पुलापलीकडचं."

"फ्योदर. डाव्या पायानं लंगडा?"

"उजव्या."

"उजव्या," अता म्हणाले. "बघत होतो, खरं सांगतेस का." ते उठले. काठी घ्यायला विसरले. "मी तेव्हा कोळशाचा ट्रक चालवायचो. तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. एका हिवाळ्यात मी त्या बालगृहाच्या कोळशात दगड मिसळले आणि उरलेला कोळसा बाजारात दिला. त्या लंगड्यानं मला ओळखलं आणि कोळशाच्या फावड्यानं झोडपलं. हा दात बघा, नाही तो. मी घरी सांगितलं घोड्यावरून पडलो." मग एजेंकडे वळून म्हणाले, "तू तेव्हा तिथं होतीस?"

"सहा वर्षांची होते. त्या हिवाळ्यात फ्योदरनं स्वतःची खाट जाळली आमच्यासाठी. आणि दार. आणि मग कुबडी."

शायिम्बेत अतांनी समोरच्या बाकाची पाठ धरली. मी जगात बऱ्याच ठिकाणी माणसं रडताना पाहिलीत, पण म्हातारं माणूस असं कोरड्या डोळ्यांनी खचताना पाहिलं नव्हतं. शेवटी ते सभेकडे वळले.

"आपण सात का विचारतो? समोरच्याचा आपल्याशी धागा कुठं लागतो ते कळावं म्हणून. माझा लागला. सातातला एक मी ओळखतो, आणि तो माणूस खरा होता." अर्जवाल्याकडे बघून म्हणाले, "तो कागद दे इकडं, पेटवायला होईल." आणि एजेंना म्हणाले, "कालिपा, गाडी भरायला माणसं दे. माझी पोरं आळशी आहेत."

मग त्यांनी दोन्ही तळवे उघडे धरले आणि तसेच थांबले, एजेंकडे बघत. आशीर्वाद नेहमी सर्वांत वडील माणूस देतो. क्लबात त्यांच्याहून वडील कुणी नव्हतं. एजेंना समजायला वेळ लागला. मग त्यांनी शब्द म्हटले, अगदी साधे: वाट मोकळी असो, छप्पर टिको. साऱ्या क्लबानं तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मीही.

माझं नाव कुणी घेतलं नाही.

२१ मे

अठरा दिवसांत त्रेचाळीस घरं हलली. सगळं गाव राबलं. कोण दाराशी झोपतं आणि कुणाचे पाय दुखतात हे माझ्या वहीत असल्यानं कुणाला कुठलं घर द्यायचं ते एजे मलाच विचारतात. मी आणखी आठवडाभर थांबते, म्हटलं. मग बघू.

लोक रोज खाली जातात, जर्दाळूंना पाणी द्यायला, कोंबड्या शोधायला. एजेंचा नियम: दुपारी दोननंतर खाली कुणी नाही. वाटेच्या तोंडावर शायिम्बेत अता घोड्यावर बसून असतात. काल त्यांनी स्वतःच्या मुलाला काठीनं हाकललं. "माझं ऐकून तीस वर्षं खाली राहिलास, आता माझं ऐकून वर मर."

१९ जून

तीन दिवस अंगाची लाही होत होती. आज पावणेतीनला आधी कुत्री गप्प झाली. मग वाऱ्याला ओल्या मातीचा वास आला आणि जमीन पायांखाली गुरगुरायला लागली.

लोंढा आला तेव्हा मला वाटलं दरीची भिंतच चालत येतेय. काळी, उभी, तोंडाशी झाडं आडवी धरलेली. घराएवढे दगड तिच्यावर बुचासारखे नाचत होते. तळगल्ली वाहून गेली असं म्हणता येणार नाही. होती, आणि मग नव्हती. चार मिनिटं, फार तर पाच. शायिम्बेत अतांचं घर शेवटचं गेलं. ते टोपी काढून बघत होते.

एजे बघत नव्हत्या. त्यांनी लोंढ्याकडे पाठ केली होती.

"यादी," त्या मला म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हताच. "घराघरानं उभं करा सगळ्यांना. तू मोज."

यादीत एकशे शहाऐंशी माणसं. मी एकेका घरापुढून गेले, बोट लावून मोजलं. कुणी जर्दाळू आणायला मागे राहिलं असलं तर? कुणी झोपलं असलं तर? शेवटच्या घराशी आले, आकडा जमेना. परत पहिल्यापासून मोजलं. एजे माझ्या ओठांकडे बघत होत्या.

"किती कमी?" त्यांनी विचारलं.

"कमी नाही, एजे. एक जास्त आहे. एकशे सत्त्याऐंशी."

"नीट मोज."

"दोनदा मोजलं."

तेव्हा शायिम्बेत अतांची नातसून पुढे झाली. तिच्या शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. "ही यादीत नसेल. परवा झाली. इथं वर, नव्या घरात."

एजे खाली बसल्या. धुळीत, सगळ्यांसमोर. पाच वर्षं नगराध्यक्ष, एकोणीस वर्षं पाटकरीण, आणि खोगीर सोडलं तर मी त्यांना बसलेलं फक्त एकदा बाकावर पाहिलं होतं. मला वाटलं रडताहेत. हसत होत्या. मग दोन्ही.

"नाव काय ठेवलंत?"

"नाही ठेवलं अजून," नातसून म्हणाली, आणि सासऱ्यांच्या बापाकडे बघितलं. मुलाच्या कानात नाव सांगायचा मान घरातल्या सर्वांत वडील माणसाचा.

अतांनी टोपी डोक्यावर घातली. "माझ्याकडे कशाला बघता? कालिपाचं ऐकलं नसतं तर मी असतो खाली आज. ही पोरगी उरलीच नसती." त्यांनी बाळ उचललं आणि वाकून एजेंच्या मांडीवर ठेवलं. "तू सांग."

एजेंनी हात कोटाला पुसले. बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि तीन वेळा नाव म्हटलं, रिवाजाप्रमाणे. मी दोन पावलांवर उभी होते, वही उघडी, पेन्सिल टेकलेली. खाली दगड अजून गडगडत होते, त्यामुळे मला ऐकू आलं नाही.

बाळानं जांभई दिली.